सोसायटीच्या सामायिक नेटवर्कवर घरचा संगीत सर्व्हर जोडला जात नाही, मार्गदर्शन हवे

जुनी_कॅसेट | शनिवार, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. गेले तीन आठवडे एका अडचणीवर रोज रात्री बसतो आहे, पण मार्ग सापडत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, येथे सोलापुरात एका कापड गिरणीत जॉबर होते. गिरणीच्या पाळ्या सांभाळून त्यांनी पूर्व भागातल्या आमच्या गल्लीतील भजनी मंडळात अनेक वर्षे पखवाज वाजवला. मंडळाच्या बैठकांच्या १४६ कॅसेटी त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्यांत मराठी अभंगांच्या बरोबरीने तेलुगू आणि कन्नड भजनेही आहेत, कारण गल्लीच तशी होती. मी दोन हिवाळे खर्चून त्या सगळ्या संगणकावर उतरवल्या, ध्वनीचा दर्जा न घटवणाऱ्या फ्लॅक स्वरूपात साठवल्या, आणि रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला २ टीबीची हार्ड डिस्क जोडून त्यावर नेव्हिड्रोम हा संगीत सर्व्हर बसवला. जुन्या घरी हे सगळे विनातक्रार चालत असे. अण्णा पहाटे पाचला उठून टॅबलेटवर हव्या त्या बैठकीचे ध्वनिमुद्रण स्वतः लावत.

मार्चमध्ये आम्ही विजापूर रस्त्यालगतच्या एका इमारतीत राहायला आलो. येथे साठ सदनिका आहेत आणि इंटरनेट देखभाल शुल्कातच मिळते. प्रत्येक मजल्याच्या व्हरांड्यात वायफायचा ॲक्सेस पॉइंट आहे आणि प्रत्येक घराच्या हॉलमध्ये भिंतीत लॅन केबलचे एक सॉकेट आहे. मोबाइलवर वायफाय निवडले की एक पान उघडते, त्यावर सदनिका क्रमांक आणि पासवर्ड भरला की इंटरनेट सुरू होते. मोबाइल, टॅबलेट आणि लॅपटॉप यांना काहीच अडचण नाही.

सर्व्हर मात्र वायफायला जोडलाच जात नाही. भिंतीतल्या सॉकेटला केबलने जोडला तर त्याचे दिवे लागतात, परंतु टॅबलेटला तो सापडत नाही. मी सर्व्हरचे मेमरी कार्ड पुसून संपूर्ण प्रणाली दोनदा नव्याने बसवली. एका जुन्या मार्गदर्शिकेप्रमाणे वायफायचे नाव आणि पासवर्ड असलेली फाइलही कार्डावर ठेवून पाहिली. हार्ड डिस्कवरील संगीत सुरक्षित आहे, एवढेच समाधान आहे. अण्णा काही म्हणत नाहीत, पण सकाळी टॅबलेट हातात घेऊन ते थोडा वेळ बसतात आणि पुन्हा ठेवून देतात. ते पाहवत नाही.

तारजोडणी | रविवार, सकाळी ७.१५

जुनी_कॅसेट, नमस्कार. मी गेली अनेक वर्षे इमारतींमध्ये नेटवर्कच्या तारा टाकण्याचे काम करतो. पहिली विनंती अशी की आता काहीही पुसू नका आणि काहीही नव्याने बसवू नका. प्रत्येक वेळी प्रणाली पुसल्याने बिघाडाच्या खुणाही पुसल्या जातात.

'जोडला जात नाही' या तीन शब्दांत निदान चार निरनिराळे बिघाड लपलेले असू शकतात. तार किंवा वायफायची भेटच झालेली नसेल. भेट झाली असेल पण सर्व्हरला पत्ता मिळाला नसेल. पत्ता मिळाला असेल पण त्या लॉगिनच्या पानाने बाहेरचा रस्ता अडवला असेल. किंवा हे सगळे ठीक असून टॅबलेट आणि सर्व्हर यांना एकमेकांशी बोलू दिले जात नसेल. या चारांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, म्हणून आधी बिघाड नेमका कुठे आहे ते पाहू.

सर्व्हर टीव्हीला जोडा. रास्पबेरी पाय ४ ला मायक्रो एचडीएमआय केबल लागते, नेहमीची चालत नाही. कीबोर्ड लावून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा की सर्व्हरने पत्ता मागितला, कोणीच उत्तर दिले नाही, आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. तो १०, १७२.१६ ते १७२.३१, किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर नेटवर्कने त्याला पत्ता दिलेला आहे. मग त्याच नेटवर्कचे प्रवेशद्वार, म्हणजे गेटवे, पिंगला, म्हणजे 'आहेस का' अशा चाचणीच्या हाकेला, उत्तर देते का ते पाहा. टॅबलेटचा पत्ताही लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट विचारतो. जुन्या घरी टॅबलेटमध्ये सर्व्हरचा पत्ता कसा भरला होता? तो १९२.१६८.१ असा काही असेल आणि ॲपमध्ये अजून तोच असेल, तर सर्व्हर कितीही उत्तम जोडला गेला तरी टॅबलेट त्याला जुन्या घराच्या पत्त्यावरच शोधत राहील.

जुनी_कॅसेट | रविवार, सकाळी ११.०५

आपण सांगितल्याप्रमाणे एकेक पाहिले.

केबलने जोडल्यावर सर्व्हरला १०.२०.४.३७ असा पत्ता मिळतो आणि गेटवे पिंगला उत्तर देतो. परंतु बाहेरचे कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही, आणि सर्व्हरची तारीख जवळजवळ तीन आठवडे मागची दिसते आहे. टॅबलेटचा वायफायवरचा पत्ता १०.३०.४.११२ आहे. टॅबलेटवरून सर्व्हरला पिंग केले तर उत्तर येत नाही.

ॲपमधला पत्ता आपला अंदाज होता तोच निघाला. त्यात १९२.१६८.१.२० आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या सेवेचा दार क्रमांक) ४५३३ असे अजून होते. शिवाय पहिल्या आठवड्यात, प्रणाली नव्याने बसवण्यापूर्वी, सर्व्हरमध्येच हा पत्ता कायमचा लिहिलेला होता. त्यामुळे त्या आठवड्यातले माझे सगळे प्रयत्न मुळातच निष्फळ होते, हे आता लक्षात आले. नवा पत्ता भरूनही टॅबलेट पोहोचत नाही, पण निदान कोडे अर्धे झाले.

वायफायबद्दल सांगायचे तर सर्व्हर 'वायफाय बंद आहे, देश निवडा' अशा अर्थाचा संदेश दाखवतो.

पायवाट | रविवार, दुपारी १२.३०

वायफायचे कारण त्या संदेशातच आहे. रास्पबेरी पायच्या प्रणालीत देश निवडल्याशिवाय वायफायचा रेडिओ मुद्दाम बंद ठेवलेला असतो, कारण कोणत्या वाहिन्या वापरायच्या हे प्रत्येक देशाच्या नियमांवर ठरते. कॉन्फिगरेशनच्या सूचीत जाऊन भारत निवडा.

कार्डावर फाइल ठेवण्याची ती मार्गदर्शिका पूर्वी बरोबर होती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पायच्या प्रणालीची बुकवर्म ही आवृत्ती आली, तेव्हापासून जोडणीचे काम नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रॅमकडे गेले आणि त्या फाइलकडे आता कोणी पाहत नाही. मराठीतल्या आणि इंग्रजीतल्याही बऱ्याच मार्गदर्शिका अजून जुन्याच आहेत, त्यामुळे ही चूक आपल्या एकट्याची नाही. नेटवर्कमॅनेजरची मजकुरी सूची टर्मिनलमधून उघडते, तिच्यात नाव आणि पासवर्ड भरता येतात.

तरीही माझे मत असे आहे की सर्व्हर वायफायवर नेऊच नका. एक तर ते लॉगिनचे पान भरायला सर्व्हरपाशी पडदा आणि माणूस दोन्ही नसतात. दुसरे म्हणजे यूएसबी ३ च्या हार्ड डिस्क आणि त्यांच्या केबली २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट निर्माण करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. डिस्क पायला चिकटून ठेवली असेल तर २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय गाणे सुरू होताच अडखळू लागते, आणि माणूस दोष मात्र राउटरला देत बसतो. तार असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

तारीख मागे पडण्याचेही कारण सांगतो. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज गेली की ते शेवटी जतन झालेल्या वेळेपासून पुढे मोजू लागते आणि इंटरनेट मिळाले की खरी वेळ विचारून घेते. आपल्याकडे लॉगिनच्या पानाने बाहेरचा रस्ता अडवला आहे, म्हणून वेळ दुरुस्त होत नाही, आणि वेळ चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरू शकतात. कदाचित लॉगिनचे पानसुद्धा त्यामुळेच उघडणार नाही.

विजापूर_रोडकर | रविवार, दुपारी ४.१०

आमच्या इमारतीतही असेच नेटवर्क आहे. आमच्याकडे यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातून मिळालेला ओळख क्रमांक, सोसायटीच्या कार्यालयात नोंदवला की त्या यंत्राला लॉगिनचे पान विचारले जात नाही. मुलाच्या गेमिंग यंत्रासाठी मी तसे करून घेतले आहे. मॅक पत्ता सर्व्हरवर दिसतो. पाय ४ चा बहुधा डीसी:ए६:३२ ने किंवा ई४:५एफ:०१ ने सुरू होतो.

त्याच वेळी कार्यालयाला असेही सांगा की एका घरातील यंत्रे एकमेकांना दिसू द्यावीत. रहिवासी पैसे भरतात, मग त्यांची यंत्रे एकमेकांपासून तोडण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मला खरोखर समजत नाही.

मंद्रसप्तक | रविवार, रात्री ८.५०

विजापूर_रोडकर यांच्या पहिल्या सूचनेशी मी सहमत आहे, दुसरीशी नाही, आणि त्याचे कारण नीट मांडणे मला आवश्यक वाटते. मी तंत्रनिकेतनात संगणक नेटवर्क हा विषय शिकवते.

अशा सामायिक नेटवर्कमध्ये ॲक्सेस पॉइंटला सांगितलेले असते की एका यंत्राकडून आलेला संदेश फक्त गेटवेकडे जाऊ द्यावा, शेजारच्या यंत्राकडे जाऊ देऊ नये. तारांच्या बाजूला स्विचवरही तशीच व्यवस्था करता येते. याला क्लायंट आयसोलेशन म्हणतात. साठ घरांत मिळून कित्येक मोबाइल, टीव्ही, कॅमेरे आणि प्रिंटर असतात, आणि त्यांपैकी बहुतेकांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच असतात. हा अडसर काढला तर पाचव्या मजल्यावरच्या मुलाला दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या टीव्हीवर काहीही लावता येईल, आणि एका घरातल्या संगणकात शिरलेला घातक प्रोग्रॅम इतर घरांची दारे ठोठावत फिरेल. ज्याने हे नेटवर्क उभारले त्याने हा अडसर घातला, ते रहिवाशांच्या हिताचेच आहे. 'माझ्या घरची यंत्रे तेवढी एकमेकांना दिसू द्या' असे प्रत्येक घरासाठी वेगळे करता येते, पण त्यासाठी घरागणिक वेगळे आभासी जाळे आखावे लागते आणि तशी तयारी बहुतेक इमारतींमध्ये नसते.

जुनी_कॅसेट यांनी दिलेल्या दोन पत्त्यांकडे पाहा. सर्व्हर १०.२०.४ मध्ये आहे आणि टॅबलेट १०.३०.४ मध्ये. म्हणजे तारांचे आणि वायफायचे नेटवर्क बहुधा मुळातच वेगळे आखलेले आहे. अशा स्थितीत आयसोलेशन काढून टाकले तरी यंत्रे एकमेकांना आपोआप सापडणार नाहीत. आपोआप शोधण्याची जी तंत्रे आहेत, उदाहरणार्थ २२४.०.०.२५१ या पत्त्यावर पोर्ट ५३५३ वापरणारे एमडीएनएस, किंवा टीव्ही-स्पीकरवर घरातले संगीत लावण्याच्या डीएलएनए या पद्धतीसाठी २३९.२५५.२५५.२५० वर पोर्ट १९०० वापरणारे एसएसडीपी, ती आपल्याच नेटवर्कमध्ये हाक मारतात. गल्लीत मारलेली हाक पलीकडच्या पेठेत ऐकू जात नाही, तसेच हे आहे. नेव्हिड्रोमला पत्ता हाताने भरता येतो म्हणून ही एक अडचण आपल्याला कमी आहे. लिरियन हा दुसरा संगीत सर्व्हर किंवा डीएलएनए वापरणाऱ्यांना ती पहिल्याच पायरीवर येते.

माझी सूचना अशी की सोसायटीच्या नेटवर्कला हात न लावता आपल्या घरात आपले स्वतःचे छोटे नेटवर्क उभारा. एक साधा वायफाय राउटर घ्या. त्याचे वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरच्या जोडणीचे सॉकेट, भिंतीतल्या सॉकेटला जोडा, सर्व्हर त्याच्या लॅन पोर्टला, म्हणजे घरातल्या यंत्रांच्या सॉकेटला, जोडा, आणि टॅबलेट व मोबाइल त्याच्या वायफायवर आणा. सोसायटीच्या दृष्टीने आपल्या घरात एकच यंत्र असेल, ते म्हणजे राउटर. लॉगिनचे पान त्या एका यंत्रासाठी एकदा भरावे लागेल. राउटरमागच्या मोबाइलवरून भरले तरी चालते. किंवा विजापूर_रोडकर यांनी सुचवल्याप्रमाणे राउटरचा मॅक पत्ता नोंदवून घ्या. आत मात्र सगळी यंत्रे एकमेकांना पाहू शकतील. संदेशांचे पत्ते दोनदा बदलले जातील, ज्याला दुहेरी नॅट म्हणतात, पण घरातल्या घरात संगीत ऐकण्याशी त्याचा काही संबंध येत नाही.

मला यातली सर्वांत मोलाची बाजू अशी वाटते की इमारतीचे इंटरनेट बंद पडले, लॉगिनची मुदत संपली, तरी अण्णांचे संगीत थांबणार नाही. सर्व्हर ते टॅबलेट हा सगळा प्रवास आपल्या घरातल्या राउटरमधूनच होईल.

विजापूर_रोडकर | रविवार, रात्री ९.२५

आपले म्हणणे पटले. कॅमेऱ्यांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमच्या घरी दोन आहेत आणि दोन्हींचे पासवर्ड मी कधी बदललेले नाहीत. ते आजच बदलतो.

तारजोडणी | सोमवार, सकाळी ६.५०

मंद्रसप्तक यांनी सांगितलेला मार्ग योग्य आहे, पण त्यात एक धोका आहे. तो मी प्रत्यक्ष पाहिलेला असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

भिंतीतली केबल राउटरच्या वॅन पोर्टलाच लावा. ते पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचे असते. चुकून ती लॅन पोर्टला लागली तर काय होते ते सांगतो. नवे यंत्र नेटवर्कवर आले की ते सर्वांना उद्देशून विचारते, 'मला पत्ता कोण देणार?' याचे उत्तर देणे हे इमारतीच्या डीएचसीपी सर्व्हरचे काम असते. परंतु आपल्या राउटरमध्येही तसाच सर्व्हर असतो, आणि केबल लॅन पोर्टला लागली की तो सबंध मजल्याला, कधी सबंध इमारतीला, उत्तरे देऊ लागतो. सामान्यतः ज्याचे उत्तर आधी पोहोचते त्याचा पत्ता यंत्र स्वीकारते. एका इमारतीत अशाच चुकीमुळे दोन मजल्यांचे इंटरनेट अर्धा दिवस बंद होते. मी प्रत्येक डक्ट उघडून तारा तपासत होतो, आणि दोष निघाला तो एका घरात टीव्हीमागे ठेवलेल्या नव्या राउटरमध्ये. चांगल्या स्विचमध्ये अशी परकी उत्तरे अडवण्याची सोय असते, पण ती चालू केलेलीच असेल असे धरून चालू नका.

म्हणून राउटर आधी भिंतीपासून दूर, फक्त लॅपटॉपला जोडून तयार करा. त्याच्या आतल्या बाजूचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा ठेवा, म्हणजे बाहेरच्या १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांशी गल्लत होणार नाही. सर्व्हरसाठी १९२.१६८.५०.१० हा पत्ता राउटरमध्येच राखून ठेवा. पत्ता सर्व्हरमध्ये लिहू नका. पुढे कधी पुन्हा घर बदलले तर पहिल्या आठवड्यातला तोच त्रास पुन्हा होईल. हे सगळे झाल्यावर केबल वॅनमध्ये घाला.

आणि हे सर्व करण्याआधी सोसायटीच्या समितीला विचारून घ्या. काही ठिकाणी करारात स्वतःचा राउटर लावण्यास मनाई असते.

जुनी_कॅसेट | बुधवार, रात्री १०.२०

सचिवांना भेटलो. त्यांनी परवानगी दिली. अट एवढीच घातली की राउटरच्या वायफायची ताकद कमी ठेवावी, म्हणजे व्हरांड्यातल्या ॲक्सेस पॉइंटला अडथळा होणार नाही. राउटरचा मॅक पत्ता त्यांनी वहीत नोंदवून घेतला आणि तो नेटवर्क पाहणाऱ्यांकडे पाठवतो म्हणाले. आज नवी पेठेतून राउटर आणला.

एक शंका आहे. भिंतीतल्या सॉकेटला लॅपटॉप लावला तर जोडणी १०० एमबीपीएसची दिसते, राउटरवर मात्र गिगाबिट लिहिले आहे. काही बिघाड आहे का?

तारजोडणी | बुधवार, रात्री १०.४५

बहुधा त्या सॉकेटमागे केबलच्या चारपैकी दोनच जोड्या पक्क्या बसवल्या असतील, किंवा एखादी तार तुटली असेल. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. आपल्या कामाला याने काहीच फरक पडत नाही. सीडीच्या दर्जाचा ध्वनी न आवळता पाठवला तरी सेकंदाला १४११ किलोबिट लागतात आणि फ्लॅक त्याहून कमी घेते. शिवाय आपले संगीत त्या सॉकेटमधून जाणारच नाही, ते राउटरमध्येच फिरेल.

मंद्रसप्तक | गुरुवार, सकाळी ८.००

ताकद कमी ठेवण्याची सचिवांची अट रास्त आहे. शक्य असल्यास टॅबलेट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. त्याचा पल्ला कमी असतो आणि काँक्रीटच्या भिंतींतून ते फारसे पलीकडे जात नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही. २.४ वापरावेच लागले तर १, ६ आणि ११ यांपैकी व्हरांड्यातला ॲक्सेस पॉइंट वापरत नसलेली वाहिनी निवडा, कारण या तीन वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत.

जुनी_कॅसेट | रविवार, सकाळी ६.१५

काल रात्री दहाला सगळे जोडून झाले. सर्व्हर १९२.१६८.५०.१० वर आला, तारीख आपोआप दुरुस्त झाली, आणि टॅबलेटमध्ये नवा पत्ता व पोर्ट ४५३३ भरताच १४६ बैठकांची यादी डोळ्यांसमोर आली. अण्णा झोपले होते, म्हणून आवाज बंद ठेवूनच फक्त यादी वरखाली करून पाहिली.

आज पहाटे अण्णांनी स्वतः लावले आणि पंधरा मिनिटे उत्तम चालले. मग अचानक थांबले. सर्व्हरचे पान उघडते, यादी दिसते, पण कोणतेही गाणे वाजत नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की दहा-पंधरा मिनिटे चालते आणि तेच होते. नेटवर्क पुन्हा तुटले असे म्हणावे तर पान उघडते आहे. कुठे पाहू?

पायवाट | रविवार, सकाळी ७.४०

आपण 'पान उघडते पण गाणे वाजत नाही' हा फरक टिपला ते फार बरे झाले, कारण त्यावरून नेटवर्क निर्दोष ठरते. पान कार्डावरून येते, गाणी हार्ड डिस्कवरून येतात. म्हणजे डिस्कच सर्व्हरपासून सुटते आहे.

टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही आज्ञा द्या. उत्तर ०x० आले तर वीजपुरवठा ठीक आहे. दुसरे काही आले, विशेषतः ०x५०००० किंवा ०x५०००५, तर विजेचा दाब मध्येच खाली येतो आहे. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा चार्जर लागतो, आणि त्याची चारही यूएसबी पोर्टे मिळून १.२ अँपिअरपर्यंतच वीज देऊ शकतात. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सुरू होताना त्याच्या जवळपास जाते. घर बदलताना चार्जर बदलला गेला आहे का, ते पाहा.

दुसरी शक्यता उष्णतेची आहे. पायचे तापमान ८० अंशांना पोहोचले की तो स्वतःचा वेग कमी करतो. सध्या सोलापुरात दुपारी चाळिशी ओलांडते आहे. सर्व्हर टीव्हीखालच्या बंद कप्प्यात असेल तर तो उघड्यावर काढा. पहाटे पाचला बंद पडण्याचे हे कारण असण्याची शक्यता कमी आहे, पण मे महिना अजून बाकी आहे.

जुनी_कॅसेट | रविवार, सकाळी ९.३०

उत्तर ०x५०००५ आले. चार्जर खरोखरच बदललेला निघाला. सामान बांधताना मूळ चार्जर दुसऱ्या खोक्यात गेला होता आणि मी मोबाइलचा चार्जर लावून बसलो होतो. मूळ चार्जर सापडला. शिवाय शेजारच्या भावजींकडून स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब आणून डिस्क त्यावर लावली आहे. आता उत्तर ०x० येते. सर्व्हरही कप्प्यातून काढून उघड्या फळीवर ठेवला.

तारजोडणी | रविवार, सकाळी १०.००

राउटरला आणि सर्व्हरला एक छोटा यूपीएस लावा. राउटरला बहुधा १२ व्होल्ट लागतात आणि पायला ५ व्होल्ट, तेव्हा घेताना दोन्ही दाब देणारा पाहून घ्या, आणि पायसाठी तो ३ अँपिअर देतो का हेही तपासा. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज दोन मिनिटांसाठी जाऊन परत येते, आणि डिस्कवर लिहिणे चालू असताना तसे झाले तर फाइली खराब होण्याची भीती असते. ज्या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही, त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून वेगळ्या घरात ठेवा. हे मी आग्रहाने सांगतो.

जुनी_कॅसेट | दोन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९.१०

चौदा दिवस झाले, एकदाही खंड पडला नाही. मधे एकदा इमारतीचे इंटरनेट दिवसभर बंद होते. शेजारी खाली सचिवांकडे चौकशी करत होते, पण आमच्या घरात बैठक चालूच होती. दुसरी प्रत काढून बहिणीकडे पुण्याला पाठवली आहे, यूपीएसही लावला.

आता बहिणीची मागणी अशी आहे की तिलाही तिकडून ऐकता यावे. राउटरमध्ये पोर्ट उघडून पाहिले, काही उपयोग झाला नाही.

मंद्रसप्तक | शनिवार, रात्री ९.४५

ते चालणार नाही. आपला राउटर इमारतीच्या गेटवेमागे आहे, आणि इमारतीची बाहेरची जोडणी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पत्त्यांपैकी एखाद्यावर असेल तर इंटरनेट पुरवठादाराच्याही मागे एक सामायिक नॅट आहे. बाहेरून येणाऱ्याला आपले दार सापडतच नाही. आणि संगीत सर्व्हर असा उघड्या इंटरनेटवर ठेवूही नये.

वायरगार्ड या खाजगी जोडणीच्या तंत्रावर आधारलेले टेलस्केल हे ॲप सर्व्हरवर आणि बहिणीच्या मोबाइलवर बसवा. दोन्ही बाजू आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे कोणतेही पोर्ट उघडावे लागत नाही, आणि जोडणी त्या दोन यंत्रांपुरतीच, कूटबद्ध राहते. घरच्या वापरासाठी ते विनामूल्य आहे. प्रवासात डेटा वाचवायचा असेल तर नेव्हिड्रोममध्ये तिच्या मोबाइलपुरता कमी बिटरेट ठरवता येतो. मूळ फाइलींना धक्का लागत नाही.

जुनी_कॅसेट | रविवार, रात्री ८.३०

बसवले आणि चालले. आज संध्याकाळी बहिणीने पुण्याहून एक कॅसेट लावली. यादीत ती 'मंडळ, श्रावण' अशा नावाने होती. तिने लगेच फोन करून सांगितले की ही श्रावणातली नाही, मागे गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या, यात्रेतले आवाज ऐकू येतात. मी इकडे तीच लावली. अण्णांनी डोळे मिटून थोडे ऐकले आणि म्हणाले, नंदीध्वजांची मिरवणूक पुढे गेल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो, तेव्हाची आहे ही, पखवाज माझाच आहे आणि उजवी बाजू जरा उतरली आहे.

नाव दुरुस्त केले. उरलेल्या कॅसेटींची नावेही आता रोज दोन-दोन ऐकून अण्णा सांगतील आणि बहीण पुण्याहून भरेल, असे ठरले आहे.